न्याहारीचा नियम

परवा चाळीतला शेवटचा कांदा भरून गेला. टेंपो वळणाआड गेला तसा मी खराटा घेऊन आत शिरलो. कांदा गेला म्हणून कांद्याची चाळ काही लगेच रिकामी होत नाही. सडक्या कांद्याचा वास भिंतीच्या लाकडी पट्ट्यांना धरून बसलेला असतो, कोपऱ्यात गुडघाभर पापुद्रे साचलेले असतात, आणि खराटा लावला की ते गुलाबी पापुद्रे कोंबडीच्या पिलांसारखे पायांभोवती पळायला लागतात. झाडता झाडता मी एकटाच मोठ्यानं हसलो. बाहेर सून भांडी घासत होती. तिनं हाक दिली, "काय झालं वो मामा?"

"काय न्हाई. मोगल सापडला एक."

खरंच सापडला होता. पेराएवढा घोडेस्वार, पांढऱ्या अंगरख्याचा, भाल्याचं टोक मोडलेलं. चैत्रात कांदा टाकायच्या घाईत फळीच्या फटीतून खाली पडला असणार. सात महिने ट्रकभर कांद्याखाली दबून होता बिचारा. मी त्याच्या तोंडावरची धूळ पुसली, कोपरीच्या खिशात टाकला आणि पुढं झाडायला लागलो. हात झाडत होता, पण मन गेल्या हिवाळ्यात जाऊन बसलं होतं.

बाकीच्यांचा हिवाळा थंडीनं सुरू होतो. माझा चाळ मोकळी झाली की सुरू होतो.

गेल्या साली याच दिवसांत मी ओट्यावर बसून होतो. बसून म्हणजे नुसता बसून. त्याच्या आधीच्या चैत्रात घरची गेली, तेव्हापासून मला बसायचंच काम लागलं होतं. लेक रान बघत होता, सून घर बघत होती, आणि मी रस्ता बघत होतो. रस्त्यानं कोण येणार होतं, ते विचारू नका. माणूस गेलं की पहिले दिवस घर भरलेलं असतं. मग पाहुणे जातात, भांडी जागेवर जातात, आणि एके दिवशी ध्यानात येतं की सकाळी नऊ वाजलेत आणि आपल्याला कोणी "अवो, न्याहारी" म्हटलेलं नाही. सून देते की ताट. वेळेवर देते, गरम देते. पण ताट देणं वेगळं आणि हाक मारणं वेगळं.

अशा वेळी नितीन आला. शेजारच्या वस्तीवरचा पोरगा, आता तिशीचा बाप्या, पुण्याकडं कंपनीत कामाला, सुट्टीला गावी. म्हणाला, "तात्या, चाळ मोकळी हाय ना तुमची? आमाला खेळायला पायजे व्हती. रविवारच्या रविवारी."

"काय खेळायला?"

त्यानं खिशातनं सहा फासे काढून दाखवले.

मी पायताण हातात घेतलं. म्हटलं, "जुगार खेळायला माझी चाळ? चालता हो. तुझ्या बापाला सांगतो आत्ता."

तो हसत हसत मागं सरला आणि त्यानं दुसऱ्या खिशातनं मावळा काढला. पेराएवढा. पण काय मावळा! मुंडासं, कमरेला शेला, पाठीला ढाल, हातात पट्टा. मिशीसुद्धा होती. मी तो तळहातावर घेतला आणि पायताण कधी खाली पडलं ते मला कळलं नाही.

पुण्यात त्याच्या कंपनीतली चार माणसं असा खेळ खेळतात, तिथं हा शिकला. टेबलावर डोंगर, नद्या, गावं मांडायची. दोन बाजूंनी फौजा उभ्या करायच्या. मोजून चाल करायची आणि जिथं गाठ पडेल तिथं फासे टाकायचे. मोठी शिकली-सवरलेली माणसं खेळतात म्हणे, आणि जुन्या लढाया पुन्हा लढून बघतात. हा गावी आला आणि इथंही त्यानं मंडळ जमवलं. मंडळ म्हणजे तीन डोकी. एक तो. दुसरा पोपटराव, एसटीचा रिटायर ड्रायव्हर. घाटात जन्म गेला, आवाज अजून हॉर्नसारखा. तिसऱ्या, शाळेतल्या मॅडम, इतिहास शिकवतात आणि वहीत लिहिलेल्या नियमाबाहेर श्वासही घेत नाहीत. टेबल एवढं मोठं की कोणाच्याच घरात मावेना. म्हणून माझी चाळ.

मी म्हटलं, "घ्या. फागुन सरंस्तोवर घ्या. नवा कांदा आला की तुमची फौज रस्त्यावर."

टोमॅटोच्या क्रेटांवर प्लायच्या फळ्या टाकून त्यांनी टेबल केलं. पट्ट्यांच्या फटींतून ऊन आत यायचं आणि सगळ्या टेबलावर उजेडाचे वाफे पडायचे. वारा आला की एखादा पापुद्रा तरंगत खाली यायचा आणि आख्ख्या तुकडीवर पसरायचा. नितीन वैतागायचा. मीच पुढं त्यातले कोरडे, कडक पापुद्रे निवडून काडीवर बसवले आणि मोगलांच्या छावणीला तंबू करून दिले. गुलाबी, वरून सोनेरी झाक. बादशाही तंबू याहून वेगळे काय असणार! मॅडम बघतच राहिल्या.

पण ते नंतरचं. पहिल्या रविवारी मी नुसता दाराशी उभा होतो. टेबलावर त्यांनी सपाट हिरवा कागद अंथरला होता आणि त्यावरनं पोपटरावाचे घोडे भरधाव चालले होते.

"हे हिरवं काय हाय?" मी विचारलं.

"भातखाचरं," मॅडम म्हणाल्या. "पावसाळ्यातली लढाई आहे ना."

"आन् घोडी त्यातनं पळत्यात?"

"सपाट जमिनीवर घोड्याची चाल पूर्ण, असा नियम आहे."

"तुमच्या नियमाला चिखल ठाव न्हाई, मॅडम. भाताच्या खाचरात घोडा घातला तर मालक पुढं आन् घोडा मागं अशी वरात निघंल. माझी सासुरवाडी डिंभ्याच्या वर डोंगरात हाय. आवणीला, भात लावताना, मी स्वतः गुडघ्याएवढा रुतलोय. बायकोनं हाताला धरून वढून काढला, आन् आख्खं माहेर बांधावर उभं राहून हसलं."

पोपटराव खो खो हसला. पण मॅडमनी पेन उघडलं आणि वहीत नियम लिहिला: खाचरात घोड्यानं फासा टाकायचा, जितकं दान तितकीच बोटं चाल. मग म्हणाल्या, "तात्या, आत या. बाहेर उभं राहून नियम नाही करता येत."

असा मी आत आलो. चौथी शिकलेला माणूस, सत्तरी ओलांडलेला, बायकोमागं ओट्यावर बसून राहिलेला. आत आलो आणि पहिल्यांदा तो हिरवा कागद फाडून टाकला. बांधाची काळी माती आणली, भुसा आणि शेण घालून मळली, आणि सासुरवाडीचा डोंगर जसा डोळ्यांत होता तसा टेबलावर उभा केला. वर घाटाचं तोंड, खाली उतरत आलेली खाचरं, मधून ओढा, पायथ्याला पाच घरं. खाचरांत मोहरी पेरली, पोरं दिवाळीच्या किल्ल्यावर पेरतात तशी. पुढच्या रविवारपर्यंत ती एवढी माजली की फौजच दिसेना. पोपटरावानं त्या मोहरीत पन्नास घोडे लपवले आणि मी कात्रीनं पीक कापत कापत त्यांना हुडकून काढलं. असली कापणी मी जन्मात केली नव्हती.

आता आमच्या मंडळाची एक भानगड सांगतो. ती दुसऱ्या कुठल्या मुलखात झाली नसती.

खेळ महाराजांच्या काळातला. महाराजांची बाहुली टेबलावर ठेवायची नाही, हे तर न बोलता ठरलेलं. फाशावर महाराजांचं नशीब टाकायचं कुणाच्या हातानं? पण मावळे होते, आणि समोर मोगल पाहिजेतच. मोगल कोण होणार, त्याच्या चिठ्ठ्या टाकायच्या. आणि ज्याला मोगल येईल तो मुद्दाम हरायचा!

नितीनला मोगल आले, त्यानं सगळे घोडेस्वार ओढ्यात उभे केले. विचारलं तर म्हणे, "पाणी पाजतोय." पोपटरावाला आले, त्यानं फौज अर्ध्या वाटेवरनं मागं फिरवली. "वाट सापडंना झालीय यांना." मॅडमना आले, तर त्यांच्या तोफाच उडेनात. "दारू भिजली."

"भर थंडीतल्या लढाईत दारू कशानं भिजली वो?" मी विचारलं.

"दव पडलं," मॅडम म्हणाल्या. चेहरा अगदी परीक्षेला उभा केल्यासारखा.

चार रविवार मोगल न लढता हरला. पाचव्या रविवारी मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, "हे असलं पळपुटं मोगल हरवण्यात कसली मर्दुमकी? असला गडी समोर असता तर आपल्या लोकांना रगत कशाला सांडावं लागलं असतं? तुमी मोगलाला न्हाई, मावळ्याला लहान करून ऱ्हायलाय."

मग पोपटराव म्हणाला, "तात्या खरं बोलला, राव. जत्रंच्या नाटकात मी दरसाल पाटील व्हायचो, दुष्ट. मी चाबूक नीट वढला तरच हिरोला टाळी पडायची."

त्याच दुपारी आम्ही चौघं नितीनच्या गाडीत बसून ओझरला गेलो. विघ्नहराच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली, की मोगल आला तर मोगल नीट खेळू, जीव लावून खेळू, दान खोटं टाकणार नाही, चाल चुकवणार नाही. नारळ फोडला. गणपतीपुढं आजवर नवस पुष्कळ झाले असतील. मोगल नेकीनं खेळण्याची शपथ त्यानं पहिल्यांदाच ऐकली असेल. त्या दिवसापासून पोपटरावानं मोगल कायमचे घेतले. "कुणीतरी व्हायलाच पायजे," म्हणाला, आणि पुढच्याच रविवारी आमची धूळधाण केली. त्या पराभवाचा आनंद काय सांगू! आम्ही चौघांनी मिळून खोबरं वाटलं.

बोटांनी मोजायचं ठरलं होतं, तर बोट कोणाचं यावर एक आख्खा रविवार गेला. शेवटी नितीननं कांबीवर खुणा करून घेतल्या. त्या पोपटरावाच्या बोटाच्या, म्हणून जाडजूड. ऊस जवळ असल्यामुळं दिवस मावळायच्या आत खेळ बंद करायचा. बिबट्याला मोगल-मराठा काही कळत नाही.

मार्गशीर्ष अर्धा झाला असेल. घाटाच्या तोंडाशी माझे मावळे उभे होते. चार डाव झाले, पाच झाले. मला एकाएकी वाटलं, सकाळपासून उभी आहेत ही माणसं. मी विचारलं, "हे जेवत्यात कधी?"

मॅडमनी वही उलटीपालटी केली. "नियमात नाही."

"मग कसले लढत्यात? आमची म्हणायची, पोट भरल्याबिगर माणसाला नीट भांडताबी येत न्हाई. तुमी लढाया करून ऱ्हायलाय."

त्या आठवड्यात मी आयुष्यात पहिली बाहुली केली. बांधाचीच माती, त्यात कापूस कुटला, आणि चुलीच्या आरात भाजली. पहिली तडकली, दुसरी काळी पडली, तिसरी नीट आली. डोंगरातली बाई. कासोटा घातलेलं लुगडं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत ज्वारीच्या दाण्याएवढ्या भाकऱ्या. एक पाय पुढं. तो पाय पुढं काढायला मला दोन दिवस लागले. ती चालायचीच तशी, ढांगा टाकत. आमच्या सपाटीच्या बाया तिला हसायच्या, "डोंगर उतरून आली तरी डोंगर उतरतीच हाय." नितीनचा बारका कुंचला घेऊन लुगडं हिरवं रंगवलं, पाटी तपकिरी, चोळी लाल. सगळ्यात शेवटी कपाळावर एक ठिपका द्यायचा होता. तिथं हात थांबला. तिला शेवटचं कुंकू मी माझ्या हातानं लावलं होतं. त्यानंतर हात त्या कामाला तयारच होईना. कुंचला धुऊन ठेवला. बाहुलीचं कपाळ तसंच राहिलं.

रविवारी ती टेबलावर ठेवली. नितीननं नुसतं म्हटलं, "आज्जी." आणि नाक ओढलं. मॅडम वहीकडं बघत राहिल्या. शेवटी पोपटरावानं खाकरून विचारलं, "हिचा नियम काय?"

मॅडमनी लिहिलं, ते मला पाठ आहे. न्याहारीवाली एका डावाला आठ बोटं चालेल. ज्या तुकडीला ती पोचेल, ती तुकडी दोन डाव हिंमत हरणार नाही. पाटी रिकामी झाली की तिनं पुन्हा घरी यायचं, भरून घ्यायला.

"आन् मधी सापडली तर?" पोपटराव म्हणाला.

"सापडायची कशाला?" मी भडकलो.

"तात्या, तिला धोकाच नसंल तर ती मखरातली गौर झाली. टेबलावर कशाला, देव्हाऱ्यात ठेवा की."

हा माणूस खरं बोलतो म्हणून मला आवडत नाही आणि म्हणूनच आवडतो. मॅडमनी पुढची ओळ लिहिली: सापडल्यास समोरच्याच्या डब्यात कैद, पुढच्या हंगामापर्यंत.

झालं! नियम मी मागितला आणि मीच त्यात अडकलो. पौष गेला, माघ गेला, मी तिला पायथ्याच्या घरामागून हलवलं नाही. माझी माणसं वर उपाशी. डावामागून डाव हिंमत हरायची, घाट सोडून पळायची. मी हरत होतो, पण ती घरामागं धड होती. फाशाला डोळे नसतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. एकदा न विचारता गेलेलं माणूस पुन्हा एका दानावर जाऊ द्यायचं? मी नाही देणार. सगळ्यांना दिसत होतं. मॅडम आणि नितीन बोलायचे नाहीत. पोपटराव मात्र टोचायचा. "तात्या, तुमची बाई माहेरीच ऱ्हायली का वो कायमची?"

"तुला काय करायचंय? तू तुझी घोडी बघ."

"घोडी बघतोय. घोड्यांना चंदी-चारा हाय. तुमच्या माणसांच्या पोटाकडं बघवत न्हाई मला."

फाल्गुन संपता संपता लेकानं सांगितलं, "तात्या, उद्या कांदा चाळीत टाकायला बाया येणार. चाळ मोकळी पायजे." म्हणजे त्या दिवसाचा डाव हंगामातला शेवटचा. ठरलं असं: दिवस मावळायच्या आत सहा डाव, आणि सहाव्यापर्यंत मी घाट राखला तर मी जिंकलो. खालून, खाचरांच्या पलीकडून, पोपटरावाची आख्खी फौज. मी मॅडमना विचारलं, "ही लढाई खरी झाली व्हती का?"

त्या म्हणाल्या, "अशा कितीतरी झाल्या असतील, तात्या. लिहून कोण ठेवतंय?"

तीन डाव रेटारेटीत गेले. माझी वरची तुकडी दोनदा डगमगली, दोनदा फाशानं वाचली. पट्ट्यांतून ऊन तिरपं आत आलं होतं आणि त्यातली एक पट्टी नेमकी पायथ्याच्या घरावर पडली होती. मी त्या बाहुलीकडं बघत होतो. पाय पुढं काढलेला. दोन दिवस खपून मीच काढला होता तो पाय, आणि तीन महिने तिला एका जागी उभी केली होती.

मला एक श्रावण आठवला. ओढा दुथडी भरलेला, मी पलीकडच्या रानात अडकलेलो. म्हटलं आज काही न्याहारी येत नाही. आणि बघतो तर ही कमरेएवढ्या पाण्यातून चाललेली, दोन्ही हातांनी डोक्यावरची पाटी धरून. स्वतः चिंब, भाकरी कोरडी. मी ओरडलो, "एक दिस उपाशी ऱ्हायलो असतो तर मेलो असतो का?"

तिनं पाटी खाली ठेवली, पदर पिळला आणि म्हणाली, "तुमी न्हाई. बैल मेलं असतं. उपाशी माणूस बैलावर राग काढतो."

चौथ्या डावाला मी तिला उचलली आणि आठ बोटं वर नेली. नितीननं मोजायची कांब धरली होती. पाचव्या डावाला ती ओढा ओलांडून घाटाच्या तोंडाशी पोचली. मी नखानं तिच्या पाटीतल्या भाकऱ्या काढून मावळ्यांच्या पायांशी ठेवल्या. पोपटरावानं लगेच हल्ला चढवला, एकामागून एक तीन. माझी माणसं हलली नाहीत. पोटात भाकरी होती ना!

राहिला एक डाव. नितीन हळूच म्हणाला, "तात्या, आता तिला वरच ऱ्हाऊ द्या की. परत यायचं म्हंजे लगीच, असं कुठं लिव्हलंय?"

मॅडम, ज्या नियमाबाहेर श्वास घेत नाहीत, त्याही म्हणाल्या, "तसं लिहिलेलं नाही खरं."

मी म्हटलं, "रिकामी पाटी घेऊन बसलेली तिला मी कधी बघितली न्हाई." आणि आठ बोटं खाली आणली. ती बरोबर मधल्या खाचराच्या बांधावर आली. खाचराच्या पलीकडं पोपटरावाचे घोडे. मध्ये पाच बोटं चिखल. पाच किंवा सहा पडलं तर ती सापडणार.

पोपटरावानं फासा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "माझी घोडी दमल्यात," म्हणाला. "मी न्हाई जात."

"टाक."

"तात्या, कशाला उगं..."

"ओझरला कुणाची शपथ घेतलीस?"

"ती मोगलाची व्हती. हिची न्हाई."

"हिच्यासाठीच टाक, पोपट. लबाडीनं वाचवलेली तिला चालायची न्हाई. उठून जाईल टेबलावरनं."

त्यानं डोळे मिटून फासा टाकला.

सहा.

चहा घेऊन आलेली सून दारातच थांबली. पोपटरावाचा चेहरा असा झाला, जसं काही त्याच्या गाडीखाली कोणी आलंय. आणि मी बघत होतो बांधावर. पाटी रिकामी. घाटावर माझी सगळी माणसं उभी. एकही उपाशी नाही.

मग मला ते दिसलं, जे वर्षभर दिसत नव्हतं. त्या चैत्रात कांदा कापायला अकरा बाया होत्या. हिनं सगळ्यांना न्याहारी वाढली, मला वाढली, हौदावर पाटी धुतली, पालथी घातली, आणि याच चाळीच्या खांबाला टेकून बसली. बसली ती बसली. वर्षभर मी येईल त्याला सांगत होतो, "अचानक गेली, अर्ध्यावर टाकून गेली." कुठं अर्ध्यावर? सगळ्यांना जेवायला घालून गेली. पाटीसुद्धा उष्टी ठेवली नव्हती.

"पोचवून गेली की रं!" मी म्हटलं. आणि हसायला लागलो. आधी त्यांना वाटलं तात्याचं काही खरं नाही. मग सून हसली, मग पोपटराव हसता हसता डोळे पुसायला लागला, आणि मॅडम, वही छातीशी धरून, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. सहावा डाव संपला. घाट राहिला. मी हंगाम जिंकलो होतो आणि बाहुली हरलो होतो, आणि दोन्हींतलं एकही मला जड वाटत नव्हतं.

पोपटरावानं खिशातला धुतलेला रुमाल काढला, तिला त्यात गुंडाळली आणि म्हणाला, "नियम म्हंजे नियम, तात्या. पण मी सांभाळतो." दुसऱ्या दिवशी चाळीत कांदा पडायला लागला. मी ओट्यावर बसलो नाही. बायांना न्याहारी घेऊन मी गेलो. पाटी डोक्यावर घेतली नाही, सायकलला बांधली. पण वेळ चुकवली नाही. अजून चुकवत नाही.

आज रविवार. सकाळपासून टेबल मांडून ठेवलंय. डोंगर पुन्हा केला, या खेपेला मोहरी बेतानं पेरली. मॅडम आल्या, नितीन आला. पोपटराव उशिरा आला, आवाज मात्र फाट्यावरूनच ऐकू येत होता. आल्या आल्या त्यानं डबा माझ्यापुढं धरला.

"घ्या तुमची अमानत. सात महिने टीव्हीच्या शेजारी व्हती. आमच्या मंडळीसंगं समद्या मालिका बघितल्यात तिनं. आता तिला दुसऱ्यांच्या सासवांचा लई राग येतो."

मी रुमाल उलगडला. पाटीत नव्या भाकऱ्या होत्या, कणकेच्या, दाण्याएवढ्या. आणि कपाळावर कुंकू होतं. एवढंसं, गोल, नेमकं मधोमध.

पोपटराव दुसरीकडं बघत म्हणाला, "मंडळीनं लावलं. म्हणली, सवाष्ण बाई, कपाळ मोकळं कसं ठिवलं? सुईच्या टोकानं लावलंय."

मी तिला हळूच टेबलाच्या कडेला ठेवली. मग खिशात हात घातला आणि परवा सापडलेला त्याचा मोडक्या भाल्याचा मोगल काढून त्याच्या तळहातावर ठेवला. "हा घे तुझा. सात महिने कांदा खाऊन होता, वास येईल." असे आमचे कैदी आम्ही बदलून घेतले.

"आन् घोड्यांना नाल ठोकून आणलेत का? गेल्या साली चिखलातबी पळाली तुझी!"

"या खेपेला उडत्यात," तो म्हणाला.

पट्ट्यांमधून ऊन आलं होतं. वरून एक पापुद्रा तरंगत आला आणि ओढ्यात पडला. मॅडमनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. "चला. पहिली चाल कोणाची? मोगलांची की मावळ्यांची?"

मी तिला पायथ्याच्या घरापुढं ठेवली. मागं नाही, पुढं.

"न्याहारी आधी," मी म्हटलं.